बाहेरचा बिझनेस कोच नेमताना दर्जा कुठे तपासायचा?

‘९० दिवसांत धंदा दुप्पट’ अशी रील मोबाइलवर येते. खालच्या लिंकवर ९९ रुपयांचा तीन तासांचा वेबिनार असतो, वेबिनारच्या शेवटी ‘आज रात्री बारापर्यंतच’ मिळणारी सवलत असते आणि सवलत धरूनही फी दीड-दोन लाखांच्या घरात जाते. भोसरीत जॉबवर्क करणारा, इचलकरंजीचा यंत्रमागवाला, गोकुळ शिरगावचा फाउंड्रीवाला, डोंबिवलीत तीन दुकानं सांभाळणारा, या सगळ्यांपर्यंत ही जाहिरात पोहोचते. यातल्या पुष्कळांना मदतीची खरोखर गरज असते. घरात बोलता येत नाही, कामगारांसमोर बोलायचं नसतं, बँकेसमोर तर मुळीच नाही. अशा वेळी बाहेरचा एक जाणता माणूस दर पंधरा दिवसांनी समोर बसला, तर मालकाचं डोकं हलकं होतं आणि कामही पुढे सरकतं.

चांगल्या कोचिंगचा धंद्याला खरंच फायदा होतो. फक्त त्याचा दर्जा व्यासपीठावरून कळत नाही. तो कळतो लेखी करारावरून, पहिल्या दोन सेशनवरून आणि कोच गेल्यानंतरच्या सहा महिन्यांवरून. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तर मोठी रक्कम देण्याआधीच तपासता येतात.

## कोच म्हणजे नेमकं कोण?

आपल्याकडे ‘कोचिंग’ म्हटलं की आधी लातूर किंवा कोटा आठवतं. बिझनेस कोचिंग हे काम वेगळं आहे, आणि ट्रेनर, कन्सल्टंट, मेंटॉर यांच्या कामांहूनही वेगळं आहे. हे चार शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं: मालकाला हवा असतो कन्सल्टंट, तो नेमतो कोच, आणि हातात पडतं ट्रेनिंग.

समजा, एका कारखान्यातला माल वेळेवर जात नाही. ट्रेनर येऊन सुपरवायझरना नियोजन कसं करायचं ते शिकवेल. कन्सल्टंट शॉप फ्लोअरवर उभा राहून कुठे किती वेळ जातो ते मोजेल आणि उपाय लिहून देईल. मेंटॉर त्याच धंद्यातला मुरलेला माणूस असतो. तो ‘आमच्याकडे असं झालं होतं, तेव्हा आम्ही असं केलं’ हे सांगेल. कोच मालकासमोर बसून विचारेल की उशिरा गेलेल्या शेवटच्या दहा ऑर्डरींच्या तारखा कोणी कबूल केल्या होत्या, त्या कबूल करताना मशीनवरचं काम कोणी पाहिलं होतं, आणि ही पद्धत बदलायची तर पहिलं पाऊल कोण, कधी टाकणार.

कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद आठवा. तो लाल मातीच्या कडेला उभा राहून पट्ठ्याचा पवित्रा बघतो आणि पाय कुठे चुकतोय ते त्याच्या लक्षात आणून देतो. जोर-बैठका पट्ठ्यानेच काढायच्या असतात आणि कुस्तीही त्यानेच करायची असते. कोचचं काम बरंचसं असंच आहे. फरक एवढाच की वस्ताद डाव शिकवतो, तर कोच मालकाला त्याचा डाव शोधायला लावतो.

गरज पडली तर एकच माणूस दोन भूमिका घेऊ शकतो. मात्र ‘आता मी कोच म्हणून विचारत नाही, माझं मत सांगतोय’ हे त्याने तिथल्या तिथे स्पष्ट करायला हवं. चांगला कोच हे सवयीने करतो.

## परवाना नाही, मग प्रमाणपत्रांचं काय?

सनदी लेखापालाचा व्यवसाय १९४९ च्या कायद्याखाली चालतो, वकिलाचा १९६१ च्या. दोघांनाही वैधानिक संस्थेकडे नोंदणी करावी लागते आणि गैरवर्तन केलं तर ती नोंदणी जाऊ शकते. बिझनेस कोचसाठी भारतात असा कायदा नाही आणि असा परवानाही नाही. आज सकाळी कोणीही व्हिजिटिंग कार्डावर ‘बिझनेस कोच’ छापू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्यांचा रोख शिकवण्या आणि परीक्षांच्या कोचिंगवर आहे.

ही पोकळी काही प्रमाणात व्यावसायिक संघटना भरून काढतात. सर्वांत परिचित आहे ती १९९५ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ. युरोपात १९९२ पासून युरोपियन मेंटॉरिंग अँड कोचिंग कौन्सिल आहे. आयसीएफच्या मानांकनाच्या तीन पायऱ्या आहेत: असोसिएट (एसीसी), प्रोफेशनल (पीसीसी) आणि मास्टर (एमसीसी). एसीसीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, पीसीसीसाठी १२५ आणि ५०० तास, एमसीसीसाठी २०० आणि २,५०० तास. अनुभवाचे बहुतेक तास मोबदला घेऊन केलेल्या कामाचे असावे लागतात. त्याखेरीज प्रत्यक्ष सेशनचं मूल्यमापन होतं आणि परीक्षाही असते. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी पुढचं शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो.

इथे एक गफलत फार वेळा होते. ‘मान्यताप्राप्त कोर्स पूर्ण केला’ आणि ‘मानांकन मिळालं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्सचं सर्टिफिकेट वर्ग संपला की मिळतं. मानांकनासाठी अनुभवाचे तास, मूल्यमापन आणि परीक्षा हे सगळं पार करावं लागतं. नाव मानांकनाच्या यादीत आहे का, हे संघटनेच्या वेबसाइटवर तपासता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, तेवढं कराच.

मानांकनाने काय सिद्ध होतं? या माणसाला ऐकायची, प्रश्न विचारायची आणि मर्यादा पाळायची शिस्त शिकवली गेली आहे, त्याने ठरावीक तास काम केलं आहे आणि त्याला लेखी आचारसंहिता लागू आहे. तो नीट वागला नाही तर तक्रार करायला एक जागा आहे. त्या तक्रारीतून मानांकन जाऊ शकतं, तुमची फी परत मिळेलच असं नाही. आणि तुमच्या फाउंड्रीची किंवा किराणा वितरणाची त्याला जाण आहे, हे मानांकनातून कळत नाही. ते वेगळं तपासावं लागतं.

प्रमाणपत्रांइतकाच महत्त्वाचा एक प्रश्न फारसं कोणी विचारत नाही: ‘तुमचं काम कोण तपासतं?’ या क्षेत्रात सुपरव्हिजन नावाची पद्धत आहे. म्हणजे कोच ठरावीक काळाने आपल्याहून अनुभवी कोचसमोर बसतो, ग्राहकाचं नाव न सांगता आपलं काम मांडतो आणि आपण कुठे चुकतोय ते पाहून घेतो. नियमित सुपरव्हिजन घेणारा कोच या प्रश्नाचं उत्तर लगेच आणि तपशिलात देतो.

## करार: दर्जाची पहिली खूण

लेखी करार इतका महत्त्वाचा का, याचं कारण कायद्यात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘ग्राहक’ या व्याख्येतून व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळली आहे. त्यामुळे कंपनीच्या नावाने घेतलेल्या कोचिंगची तक्रार ग्राहक आयोगापुढे टिकवणं अवघड जातं. हाताशी उरतो तो १८७२ चा भारतीय करार कायदा, आणि तिथे काय ठरलं होतं हे दाखवायला कागद लागतो. व्हॉट्सअॅपवरचं ‘काळजी करू नका सर, आम्ही आहोत’ तिथे फारसं उपयोगी पडत नाही.

कागद दोन-तीन पानांचा असला तरी पुरतो. त्यात सेशन किती, किती मिनिटांची आणि किती अंतराने हे स्पष्ट हवं. एका मालकासाठी सहा महिने, दर पंधरा दिवसांनी ७५ ते ९० मिनिटं, म्हणजे साधारण १२ सेशन, ही कामाला पुरेशी पडणारी रचना आहे. दर आठवड्याला सेशन ठेवलं तर ठरवलेलं करून बघायला वेळ उरत नाही. महिन्यातून एकदाच ठेवलं तर मागचं विसरायला होतं. सेशन रद्द करायचं तर किती तास आधी कळवायचं, दोन सेशनच्या मधे फोन करता येईल का, नोंदी कोण ठेवणार, हेही लिहून घ्या.

सेशन प्रत्यक्ष कोण घेणार, त्याचं नाव करारात असलंच पाहिजे. वेबिनारमध्ये बोलणारा एक, फोनवर पैसे ठरवणारा दुसरा आणि सेशनला येणारा तिसराच, असं मोठ्या कोचिंग कंपन्यांमध्ये घडतं. तिसरा माणूस चांगला असूही शकतो, पण मग पहिली भेट त्याच्याशीच व्हायला हवी.

हितसंबंधांचं कलम लोक वगळतात आणि तिथेच नंतर वाद होतात. हाच कोच त्याच वसाहतीतल्या तुमच्या प्रतिस्पर्ध्याला कोचिंग देतोय का? तो सुचवत असलेल्या सॉफ्टवेअरवर, एजन्सीवर किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडून त्याला कमिशन मिळतं का? मिळत असेल तर ते उघड करणं त्याचं कर्तव्य आहे. त्याने आधीच आपणहून सांगितलं, तर त्याच्या सचोटीचा तो चांगला पुरावा आहे.

पैशाचा मुद्दा साधा ठेवा. समजा फी तीन लाख आहे. कोच जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्के धरून बिल ३,५४,००० रुपयांचं होईल. तुमची फर्म नोंदणीकृत असेल तर त्या ५४,००० रुपयांचं इनपुट क्रेडिट नियमांप्रमाणे मिळू शकतं. सेवांसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची असल्याने छोटा कोच जीएसटी लावत नसेल, तर त्यातही वावगं नाही. वावगं आहे ते बिलाशिवाय वैयक्तिक खात्यावर पैसे मागणं. टीडीएस कापायचा का आणि किती, हे पैसे देण्याआधी तुमच्या सीएला विचारून घ्या.

सगळी रक्कम आधी देऊ नका. सुरुवातीला एक चतुर्थांश, मग दर तीन सेशननंतर एक हप्ता, आणि दुसऱ्या सेशननंतर कोणत्याही पक्षाला कारण न देता थांबता येईल असं कलम, ही रचना दोघांनाही न्याय्य आहे. कोचचा वेळ अडकतो, त्यामुळे त्याने ॲडव्हान्स मागणं रास्त आहे. पण पूर्ण फी आधी, रिफंड नाही आणि निर्णय आज रात्रीच, या तीन अटी एकत्र आल्या तर थांबा. घाईत घेतलेला निर्णय मालकाला महागात पडतो, हे शिकवणं ज्याचं काम, त्यानेच तशी घाई करायला लावणं ही त्याच्या दर्जाबद्दल पुरेशी माहिती आहे.

## पैसे एकाचे, कोचिंग दुसऱ्याचं

बाहेरच्या कोचिंगमधली सर्वांत नाजूक जागा ही आहे. अनेकदा फी कंपनी देते आणि समोर बसतो मॅनेजर. किंवा वडील पैसे देतात आणि कोचिंग होतं मुलाचं, जो दोन वर्षांपूर्वी इंजिनीअर होऊन कारखान्यात आला आहे.

अशा वेळी करार दोघांत असून चालत नाही, तो तिघांत लागतो. पहिली बैठक वडील, मुलगा आणि कोच अशी एकत्र व्हायला हवी. तिथे दोन किंवा तीन उद्दिष्टं तिघांच्या संमतीने लिहायची. उदाहरणार्थ, सहा महिन्यांत खरेदी विभाग मुलगा स्वतंत्रपणे चालवेल, पाच लाखांपर्यंतचे निर्णय त्याचे असतील. वडिलांपर्यंत काय जाईल हेही तिथेच ठरवायचं: सेशन झाली की नाही, उद्दिष्टांवर काम कुठवर आलं, एवढंच. मुलगा काकांबद्दल काय म्हणाला, त्याला पुण्यात नोकरी करावीशी वाटते का, हे सेशनच्या खोलीबाहेर जाता कामा नये. जिवाला धोका असेल किंवा कायद्याने सांगणं भाग असेल तर अपवाद, आणि हा अपवादही आधीच सांगून ठेवायचा. तीन महिन्यांनी पुन्हा तिघांची बैठक घ्यायची आणि प्रगती शक्यतो मुलानेच मांडायची.

हे पाळलं नाही तर काय होतं? वडील प्रत्येक सेशननंतर कोचला फोन करतात, कोच ‘थोडंसं’ सांगतो, दोन आठवड्यांनी त्यातलं एखादं वाक्य जेवणाच्या ताटावर बाहेर पडतं. त्या दिवसापासून मुलगा सेशनला येतो, पण बोलत नाही. नंतरची सेशन उपचारापुरती होतात आणि शेवटी ‘कोचिंगचा काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून पैसे देणाऱ्याला नम्रपणे ‘हे मी सांगणार नाही’ म्हणू शकणारा कोच शोधा. पैसे तुम्ही देत असलात तरी.

‘या चौघांतला कोणता मॅनेजर ठेवावा, कोणाला काढावं ते तुम्हीच सांगा’ असं मालक म्हणाला, तर तेही कोचने नाकारायला हवं. माणसांचं मूल्यमापन हे वेगळं काम आहे, ते वेगळ्या माणसाकडून, सगळ्यांना कल्पना देऊन करून घ्यावं. कोचिंगच्या नावाखाली ते झालं, तर कारखान्यात कोणीही पुन्हा कोचसमोर मन मोकळं करणार नाही.

## दर्जेदार सेशनमध्ये काय घडतं?

करारावर सही करण्याआधी कोच सहसा ३० ते ४५ मिनिटांची ओळखभेट देतो. तिथे त्याची माहिती ऐकत बसू नका. एक खरी, आत्ता भेडसावणारी अडचण घेऊन जा आणि तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. जास्त वेळ कोण बोललं? त्याने आकडे आणि उदाहरणं मागितली का? आणि बोलण्यात कुठेतरी ‘हे माझं काम नाही, यासाठी अमुक प्रकारचा माणूस गाठा’ असं आलं का?

समजा तुम्ही म्हणालात, ‘माझी माणसं जबाबदारीच घेत नाहीत.’ कच्चा कोच यावर वीस मिनिटं जबाबदारी वाटून देण्याचे फायदे सांगेल. कसलेला कोच म्हणेल, ‘गेल्या आठवड्यात तुमच्यापर्यंत कोणकोणते निर्णय आले, त्यांची यादी करू.’ यादी चाळीस निर्णयांची निघते. त्यातले पंचवीस पाच हजारांखालच्या खरेदीचे आहेत आणि प्रत्येकावर तुमची सही लागते, हे तुम्हालाच दिसतं. आता माणसं जबाबदारी घेत नाहीत की त्यांना ती घेता येत नाही, हा प्रश्न तुमच्यासमोर वेगळ्या रूपात उभा राहतो. सेशन संपताना ठरतं की सोमवारपासून स्टोअरकीपर पाच हजारांपर्यंतची खरेदी स्वतः करेल, रजिस्टरमध्ये नोंद ठेवेल, आणि तुम्ही ते रजिस्टर फक्त शनिवारी पाहाल.

चांगल्या सेशनचा आकार साधारण असा असतो. पहिली दहा मिनिटं मागच्या वेळी ठरलेलं झालं का, नसेल तर आड काय आलं, याला जातात. मग आजचा एकच विषय ठरतो. मधला मोठा भाग प्रश्नोत्तरांचा. शेवटची पंधरा मिनिटं निर्णयांची: कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. नोंदी मालकाने स्वतःच्या हाताने लिहिल्या तर उत्तम, कारण दुसऱ्याने लिहिलेली कामं आपली वाटत नाहीत. ठरलेली कामं तीनहून अधिक असतील तर ती होत नाहीत.

‘मागचं काम झालं नाही’ हे ऐकल्यावर कोच काय करतो, तेही बघा. रागावणारा कोच आणि ‘हरकत नाही’ म्हणून पुढे जाणारा कोच, दोघेही कमी पडतात. काम का झालं नाही याच्या खोलात जाणं हाच बहुतेक वेळा त्या दिवसाचा खरा विषय असतो.

## फायदा झाला हे मोजायचं कसं?

आधी न मोजलेली गोष्ट नंतर सुधारली की नाही, ते सांगता येत नाही. म्हणून पहिल्या सेशनआधी मागच्या १२ महिन्यांचे आकडे काढून ठेवा.

उधारीचं उदाहरण घेऊ. वर्षाची विक्री १२ कोटी, म्हणजे दिवसाला सुमारे ३.२९ लाख. ग्राहकांकडून पैसे यायला सरासरी ९२ दिवस लागत असतील, तर सुमारे ३ कोटी रुपये बाजारात अडकलेले असतात. सहा महिन्यांत हे दिवस ७० वर आले, तर २२ दिवसांचे, म्हणजे सुमारे ७२ लाख रुपये मोकळे होतात. कॅश क्रेडिटचा दर ११ टक्के धरला तर वर्षाचं व्याज जवळपास आठ लाखांनी वाचतं. साडेतीन लाखांच्या बिलासमोर हा आकडा ठेवून बघता येतो. दिवस काढायचे सूत्र सोपं आहे: अखेरची येणी भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. टॅलीतून दोन्ही आकडे मिळतात.

मात्र हाच आकडा फसवूही शकतो. एखाद्या मोठ्या ग्राहकाने मार्चअखेर आपणहून हिशेब चुकता केला असेल. तुम्ही बिलं ट्रेड्सच्या व्यासपीठावर डिस्काउंट करायला, म्हणजे थोडी रक्कम सोडून मुदतीआधीच पैसे घ्यायला, सुरुवात केली असेल. मग दिवस कमी दिसतात, पण व्याजाचा भार दुसऱ्या रूपात राहतो. किंवा उशिरा पैसे देणाऱ्यांना माल देणं थांबवल्याने दिवस घटले असतील आणि विक्रीही. म्हणून प्रत्येक आकड्याला एक जोडीदार द्यावा: उधारीचे दिवस बघताना विक्री बघा, उत्पादन बघताना रिजेक्शन बघा. आणि दिवाळीचा महिना मागच्या दिवाळीशीच ताडून पाहा; तो जुलैशी ताडला तर कोणताही कोच हुशार ठरेल.

आणखी एक सापळा आहे. मालक कोचकडे बहुधा सगळ्यात वाईट काळात जातो. ताप सर्वाधिक चढलेला असताना घेतलेलं कोणतंही औषध गुणकारी वाटतं, कारण त्यानंतर ताप बऱ्याचदा उतरणारच असतो. सुधारणेतला काही भाग कोच नसतानाही झाला असता. हे मान्य करून ‘या बदलामागे आपण केलेल्या कोणत्या तीन गोष्टी आहेत?’ असं विचारणारा कोच प्रामाणिक असतो. ज्याला प्रत्येक वाढीचं श्रेय हवं असतं आणि प्रत्येक घसरण ‘तुम्ही राबवलं नाही’ म्हणून तुमच्या खात्यात जाते, त्याच्याकडे मोजमापाची पद्धतच नसते.

## ‘पण इतक्या लोकांना फायदा झालाय!’

तीनशे जणांच्या बॅचमधले पाच जण व्यासपीठावर येऊन यशाची कहाणी सांगतात, तेव्हा त्या पाच जणांवर अविश्वास दाखवायचं कारण नाही. उरलेल्या २९५ जणांचं काय झालं, ते आपल्याला कळलेलं नसतं, एवढंच. संदर्भ मागताना कोचला तीन प्रकारच्या लोकांशी बोलणं करून द्यायला सांगा: तुमच्याच आकाराचा धंदा असलेला, काम संपून वर्ष झालेला, आणि मधेच थांबलेला. ग्राहकांना आधी विचारल्याशिवाय तो नंबर देणार नाही, आणि तसंच व्हायला हवं. वर्ष झालेल्याला एकच विचारा: ‘कोच गेल्यावर त्यातलं काय टिकलं?’

## ‘ज्याने धंदा केला नाही, तो मला काय सांगणार?’

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. पगार द्यायला पैसे नसलेली सात तारीख ज्याने अनुभवली आहे, त्याला मालकाची झोप का उडते ते सांगावं लागत नाही. ताळेबंद, रोकड प्रवाह, मार्जिन वाचता येत नसेल तर बिझनेस कोच म्हणवून घेऊच नये. पण स्वतः यशस्वी धंदा केलेल्या माणसाचा एक मोह असतो: तो स्वतःचाच मार्ग तुमच्यावर लादतो. त्याचं दुकान दादरच्या गर्दीत चाललं, तुमचं सिन्नरच्या बाजारात आहे. धंद्याची समज आणि स्वतःची उत्तरं बाजूला ठेवण्याची शिस्त, दोन्ही लागतात, आणि दुसरी गोष्ट अधिक दुर्मीळ आहे.

## ‘ग्रुपमध्ये स्वस्त पडतं’

पडतं. पण भागाकार करून बघा. ९० मिनिटांच्या सेशनमध्ये दहा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला नऊ मिनिटं येतात. सहा-आठ मालकांचा, एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसलेला गट असेल, तर दुसऱ्याच्या अडचणीतूनही शिकता येतं आणि तो खर्च योग्य ठरतो. दोनशे जणांच्या झूम कॉलला मात्र ट्रेनिंग म्हणा आणि ट्रेनिंगचेच पैसे द्या.

## ‘नफ्यातला हिस्सा घेऊ दे ना, म्हणजे तो जीव लावून काम करेल’

ऐकायला न्याय्य वाटतं, पण यातून कोचचं लक्ष लवकर दिसणाऱ्या आकड्यांकडे वळतं. सूट देऊन विक्री वाढवता येते, मेंटेनन्स पुढे ढकलून नफा वाढवता येतो. त्याची किंमत वर्षभराने तुम्ही मोजता. शिवाय कोणता नफा कोणामुळे, यावर भांडण ठरलेलंच. ठरावीक फी, हप्त्यांनी, आणि मधेच थांबण्याची मोकळीक हेच बरं. निकालाच्या हमीबद्दलही तेच. बाजार, कच्च्या मालाचे भाव, तुमचा भाऊ, यांतलं काहीच कोचच्या हातात नसतं. वेळ, तयारी, गोपनीयता आणि स्पष्ट बोलणं यांची हमी तो देऊ शकतो, आणि ती लेखी द्यावी.

## कोच नको, दुसरंच कोणीतरी हवं

कास्टिंगमध्ये ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) येत असतील तर फाउंड्रीतला तज्ज्ञ बोलवा. जीएसटीची नोटीस आली असेल तर सीए. शॉप फ्लोअरवर साठा, हालचाल आणि वाया जाणारा वेळ कमी करायचा असेल तर लघुउद्योगांसाठी केंद्राची लीन योजना आहे. मार्च २०२३ मध्ये ती नव्याने सुरू झाली, तीत बेसिक, इंटरमीजिएट आणि ॲडव्हान्स्ड असे तीन टप्पे आहेत आणि कन्सल्टंटच्या फीसह अंमलबजावणीच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं. कोचला तीन लाख देण्याआधी हा पर्याय बघावा. भावाभावांत वाटणीचा विषय निघाला असेल तर वकील किंवा मध्यस्थ.

झोप लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं मालक सांगू लागला तर तिथे कोचिंग थांबवायचं असतं. ते डॉक्टरांचं काम आहे. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगून पुढची सेशन चालू ठेवणारा कोच नुकसान करतो. कर्जाच्या ओझ्याखालच्या माणसाच्या बाबतीत हे नुकसान फार मोठं असू शकतं.

## शेवटचं सेशन

काम कधी संपणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असावं. बाराव्या सेशनला सुरुवातीचे आकडे आणि आजचे आकडे शेजारी ठेवायचे, काय सुटलं ते लिहायचं आणि सुरू झालेली प्रत्येक सवय कोणाच्या नावावर राहणार ते ठरवायचं. थकबाकीची सोमवारची बैठक अकाउंटंटने घ्यायची, खरेदीचं रजिस्टर स्टोअरकीपरने ठेवायचं, असं नावानिशी. मग कोचने बाजूला व्हायचं. मुदतवाढ हवी असेल तर नवं उद्दिष्ट लिहून नवा करार करायचा. ‘चालू ठेवू या’ एवढ्यावर नाही.

तीन महिन्यांनी एक सेशन ठेवावं, त्याची फी मूळ करारातच धरावी. त्या दिवशी कोचने आधी अकाउंटंटकडे जावं, गेल्या बारा सोमवारांच्या बैठकीची वही मागावी आणि किती सोमवार भरले आहेत ते मोजावं.